स्टेट लाइन रोडची पूर्व बाजू

सोमवार, ३ एप्रिल. सकाळी ७.१०
गेज-खोलीची किल्ली आजपासून माझ्याकडे. तीन गेज, प्रत्येकाच्या पोटात किरणोत्सर्गी सीझियम. रस्त्याखालची माती किती घट्ट दबली ते मोजतात. डार्लाने, म्हणजे मालकिणीने, बजावलं: लायसन्सवर एक डाग, की किल्ली परत.
डाग पडणार नाही.

मंगळवार, ४ एप्रिल
काम स्टेट लाइन रोडचं. पश्चिमेची लेन कॅन्सस, पूर्वेची मिझुरी. कॅन्सस स्वतः लायसन्स देतं. मिझुरीत थेट केंद्राचा अंमल. आमचं लायसन्स कॅन्ससचं. पूर्वेला गेज टेकवायचं तर केंद्राला तीन दिवस आधी फॉर्म. भरलेला नाही.
तक्ता केला. डावीकडे राज्य, उजवीकडे केंद्र. किरणोत्सर्गाची मर्यादा सारखीच, फरक माणसांत. राज्याचा इन्स्पेक्टर फोनवर आमच्या टेक्निशियनच्या, व्हर्लिनच्या, गुडघ्याची चौकशी करतो. केंद्र फक्त पत्र पाठवतं. माझा विश्वास केंद्रावर.

गुरुवार, ६ एप्रिल
व्हर्लिन इथे सव्वीस वर्षं नोकरीत. त्याच्या शीटवर पूर्व लेनचे सहा आकडे! कसे घेतले, विचारलं. म्हणाला, पोरी, तू जन्मायच्या आधी घ्यायचो तसेच.
हे उत्तर नव्हे. यापुढे त्याच्याशी फक्त लेखी.

शुक्रवार, ७ एप्रिल
लेखी विचारलं. दुपारी त्याच कागदात डोनट गुंडाळून दिला. लाच. डोनट खाल्ला, तेलकट कागद पुराव्याच्या फाइलीत.

सोमवार, १० एप्रिल
त्याच्या ट्रकमध्ये पोतंभर वाळू. कोरडी, चाळलेली. काहीतरी बुजवतोय.

मंगळवार, ११ एप्रिल. १२.२०
तो जेवायला गेला. पूर्वेच्या सहाही जागी मी स्वतः गेज लावून पडताळलं. सगळे आकडे जुळले. सिद्ध! गेजशिवाय इतकं अचूक येणं अशक्य.
वापर-वहीत जागा, वेळ, गेज क्रमांक, माझी सही. पुराव्यात कसूर नको.

बुधवार, १२ एप्रिल
केंद्राला तक्रार, तक्ता, वहीची प्रत. डार्लाला सांगितलं नाही. तीही सामील असेल.

मंगळवार, २ मे
राज्याचा इन्स्पेक्टर आणि केंद्राची बाई आले. एकाच गाडीतून. संशयास्पद.
व्हर्लिनने ट्रकमधून बाटली आणि शंकू काढला. खड्डा खणायचा, माती तोलायची, खड्ड्यात किती वाळू मावते ते बघायचं. सीझियम नाही, लायसन्स नको. पूर्वेला तो कायम हेच करतो.
बाई म्हणाली, मग मिझुरीत गेज एकदाच वापरलं गेलं, ११ एप्रिलला. नोंद फार स्वच्छ आहे, असंही म्हणाली.

बुधवार, ३ मे
किल्ली व्हर्लिनकडे. मी पूर्व लेनवर, बाटली घेऊन. एका खड्ड्याला चाळीस मिनिटं. रस्त्याच्या मधल्या पट्ट्यापलीकडून तो ओरडला, पोरी, हलू नकोस, वाळू दबते!
हे त्याने आधी लेखी द्यायला हवं होतं.

४.४५
फाइल डार्लाला द्यायची म्हणून चाळली. तेलकट कागदाच्या मागे पेन्सिलीने: पूर्वेला वाळू वापरतो. ये, शिकवतो.
तारीखसुद्धा घातली आहे.