पान चौदा

उचगाव, शुक्रवार

प्रिय प्राची,

रागावू नकोस असं म्हणत नाही, कारण तू रागावणारच. फोनवर माझं तोंड उघडलं नसतं, म्हणून कागदावर लिहिते आहे. वसीम उद्या शिरोळला निघालाय, वाटेत कुरुंदवाडला थांबून हे तुझ्या हातात देईल. नवरा असला तरी त्याला मजकूर वाचू दिलेला नाही.

आपल्या शाळेच्या स्मरणिकेची फाइल तू पाठवलीस आणि तपासून तूच प्रेसला दे म्हणालीस. मी फोनवर उघडली आणि आधी पान चौदा काढलं. अब्बांवर, म्हणजे सगळ्या शाळेच्या लालासाबमामांवर लिहिलेला माझा लेख तिथं असायला हवा होता. कोरं पान! पलीकडं पंधरावर तुझ्या वडिलांचं, जयपालकाकांचं अध्यक्षीय मनोगत मात्र ऐटीत बसलेलं. सगळं नीट आहे ना, असं तुला विचारलं. तू उलट विचारलंस, पान चौदा बघितलंस का, आणि पुढं एक हसरा चेहरा टाकलास. त्या चेहऱ्यानं माझं डोकंच फिरलं.

मी संशयी आहे हे तुला पाचवीपासून माहीत आहे. वर्गात कुणाचा डबा कुणी खाल्ला ते मीच शोधून काढायचे. तसाच तपास केला. वसीमच्या फोनवर फाइल उघडली, कोरं पान. लेकीच्या, कशिशच्या टॅबवर उघडली, तिथंही कोरं. कॉम्प्युटरवर बघ, असं ती म्हणत होती, पण तीन साक्षीदार मिळाल्यावर लेकीचंही ऐकेना मी. तिघांकडं एकच फुकटचं ॲप आहे, हे तेव्हा सुचलंच नाही.

मग जुनं सगळं वर आलं. आपला दहावीचा ग्रुप फोटो आठव. अब्बांनी तीस वर्षं त्या शाळेची घंटा दिली आणि फोटोच्या वेळी काकांनी त्यांना मागचा पडदा धरायला लावला. फोटोत कडेला त्यांची चार बोटं तेवढी आलीत. तू ती कधी पाहिलीस का ठाऊक नाही, मी दरवेळी तीच बघते. म्हटलं, शिपायाला अख्खं पान कशाला, असं तुमच्या घरात ठरलं असणार. अब्बांना सांगितलं तर ते दाढी खाजवत म्हणाले, "प्राची तसली पोरगी न्हाय. मशिनीत काय बिघाड हाय का बघ की आदी." मला त्यांचाच राग आला. रोज विचारतात, पुस्तक आलं का म्हणून.

काल कोपऱ्यावरच्या पिराजीच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. त्या कोऱ्या पानाची प्रिंट काढून तुझ्यापुढं टाकायची होती. त्यानं त्याच्या कॉम्प्युटरवर तू पाठवलेली फाइल उघडली आणि पान चौदावर झेंडूच्या फुलांची चौकट, आत हातात घंटेचा हातोडा घेतलेले अब्बा, खाली माझा लेख, एक शब्द न गाळता. साठ पानांत चौकट फक्त त्यांनाच. पिराजी म्हणाला, "ताई, मजकूर चौकटीत घातलाय. तुमच्या ॲपला चौकट दिसत न्हाय. आन् त्यातच सेव्ह केलासा तर उडून जाती बघा." मी तिथल्या स्टुलावर बसूनच राहिले.

कारण बुधवारी मी तेच करून बसले होते. तुझं संपादकीय, खालच्या नावासकट, फोनवर खोडलं, सेव्ह केलं आणि फाइल प्रेसला पाठवली. तुझं नाव काढायला गेले आणि अब्बांना माझ्याच हातानं पुसलं. पिराजीच्या दुकानातूनच प्रेसला फोन करून छपाई थांबवली, तुझी मूळ फाइल पाठवली. तुला कधी कळलंही नसतं. पण स्मरणिकेच्या समारंभाला अब्बांना घेऊन तुझ्यासमोर यायचंय, आणि हे पोटात ठेवून मला येता येणार नाही. मला माफ कर, प्राची. प्रेसवाले सोमवारपर्यंत थांबतील, तोवर एक कर. ती चौकट काढ. फार सुंदर आहे, तरी काढ. अब्बांना सगळ्यांच्या रांगेत साध्या ओळींत बसव, म्हणजे ते कुणाच्याही फोनवर दिसतील.

अजून म्हणू देणार असशील तर, तुझीच
शबनम