बसण्याचा खुलासा

तीर्थरूप त्रिंबकमामांना,

गारखेड्याहून सुदर्शनचा साष्टांग नमस्कार (कोपरांची माती अजून निघालेली नाही, तेवढी चालवून घ्या). तुमची कंबर कशी आहे? मामींचा खोकला? देवगावची कपाशी बरी असेलच. फोन लावला की तुम्ही कट करता, म्हणून हे पत्र. मामा, मी दारू पीत नाही हो!

झालं असं, की परवा आमच्या चौकात माझा 'तहान' नावाचा प्रयोग होता. मी चित्रं काढतो, मूर्ती घडवतो, कविता करतो हे तुम्हाला माहीत आहे (तिन्हींबद्दलचं तुमचं मतही मला माहीत आहे). या वेळी सगळं एकत्र केलं. कच्च्या मातीच्या माणसाएवढ्या घागरी घडवल्या, त्यांच्यावर निळे डोळे रंगवले, अंगाला चिखल फासला आणि मधोमध मांडी घातली. दिवसभर गप्प राहायचं, मधूनच कवितेची एकच ओळ म्हणायची: 'नळा, नळा, तुझी आठवण येते.' नेमका तेव्हाच शेंद्र्याहून बद्रीनाथरावांचा, म्हणजे तनुजाच्या वडिलांचा, घरी फोन. पोरगं काय करतंय, त्यांनी विचारलं. आई (तुमचीच बहीण, तेवढीच भोळी) म्हणाली, "बसलंय." कुठं? "चौकात, सगळ्यांसमोर." उठणार कधी? "सकाळपासनं बसलंय, अंधार पडल्याबिगर उठायचं नाय." आता 'बसणं' म्हणजे काय, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. तुम्ही एवढी खटपट करून जमवत आणलेली सोयरीक एका क्रियापदानं मोडायला आली!

इकडे चौकात वेगळीच गंमत. शेजारच्या मुक्ताबाई आल्या, त्यांनी मला खालवर न्याहाळलं आणि ओरडल्या, "अगं बायांनो, पोरगं पाण्यासाठी उपोषणाला बसलंय!" बघता बघता गल्लीतल्या बाया रिकामे हंडे घेऊन शेजारी बसल्या आणि माझ्या ओळीची घोषणा झाली. मामा, माझ्या कवितेला जन्मात एवढे लोक मिळाले नव्हते. आनंदानं मौन पाळणं जड गेलं. मग कडक पांढऱ्या कपड्यांतले एक पुढारी लिंबूपाणी घेऊन आले. मी मानेनं नको म्हटलं, तर लोक म्हणाले, "लई कडक माणूस!" घशाला कोरड पडली होती, शेवटी प्यायलो. टाळ्या, हार, फोटो. आणि खरोखर टँकर आला! हंडे पुरेनात म्हणून मुक्ताबाईंनी टँकरचा पाइप माझ्या घागरींत सोडला. उन्हाळाभराचं काम डोळ्यांदेखत चिखल होऊन गटारीला लागलं. मला रडू येत होतं आणि हसू आवरत नव्हतं.

तर मामा, तनुजा मला मनापासून आवडते. ती हातची गेली तर मी खरंच 'बसायला' लागेन. तेवढं शेंद्र्याला जा आणि सांगा, की हे बसणं कलेचं होतं.

आपला (शुद्धीतला) भाचा,
सुदर्शन

ता. क. वरचं सगळं रद्द! आत्ताच बद्रीनाथराव वर्तमानपत्र घेऊन आले होते. माझा हारातला फोटो दाखवून म्हणाले, "उपोषणाला बसले व्हते व्हय! आमाला भलतंच वाटलं. जावई पाहिजे तर असा." होकार देऊन गेले. तेव्हा कलेचं नावसुद्धा काढू नका. सुपारीला येताना तुमचा पांढरा सदरा माझ्यासाठी आणा.

ता. क. दुसरा. सासरेबुवा जाता जाता म्हणाले, सुपारीआधी आमच्या वस्तीच्या रस्त्यासाठी एकदा बसा. मी हो म्हणून बसलो. तनुजाला खरं काय ते ठाऊक आहे. तिचा फोन आला: "बसा, पण शेजारी माझी जागा ठेवा. बाबांची पाठ वळली की डबा उघडू." तुमचा सदरा मला ढगळ होतो ते बरंच आहे. डबा आत मावेल.