चार नंबरची गढूळ बिअर

३ मार्च
लेकीला चार नंबरचा टँक दिला. एकच. पंचवीस वर्षं ही ब्रुअरी मी चालवते. बिअर अशी लख्ख, की ग्लासामागे वर्तमानपत्र धरावं आणि बातमी वाचावी. बाईसाहेब गव्हाची बिअर करणार आणि न गाळता विकणार! ठरवलं आहे, मध्ये पडायचं नाही. अवाक्षर काढायचं नाही.

४ मार्च
काढलं. थोडंच.

९ मार्च
का गाळायची नाही, विचारलं. म्हणाली, आई, यीस्ट आणि गव्हातली प्रथिनं तरंगतात म्हणून ती गढूळ दिसते, पण त्यांच्यामुळेच तोंडात भरीव लागते. गाळलीस तर निम्मा स्वाद फिल्टरवरच राहील. फेसाचंही काही सांगत होती, तेवढ्यात बुचं लावायचं मशीन अडकलं. उठले. केमिस्ट्रीची पदवी माझ्याकडे, आणि ही मला यीस्ट शिकवते.

१२ मार्च
बागेजवळच्या नव्या हॉटेलचा मालक टँकमधली बिअर चाखून गेला. उद्घाटनाला हीच हवी म्हणाला. भिडस्त आहे बिचारा. लेक म्हणाली, हे जमलं तर इथेच राहीन, नाहीतर परगावच्या नोकरीला हो म्हणते.
म्हणजे जमवणं माझ्यावर आलं.

१५ मार्च, दुपारी ४
लेक लेबलं दाखवायला हॉटेलात गेली आहे. टँकमधून ग्लासभर काढून पाहिली. भांडी धुतलेलं पाणी बरं. हे चार लोकांसमोर ठेवायचं? फिल्टरवाल्या काकांना म्हटलं, लावा पाइप. ताईंना विचारलंत का, म्हणाले. म्हटलं, काका, तिला जन्म देताना विचारलं होतं का? पाइप लावला.
दोनदा गाळली. सोनं! तिच्या कागदावर होती तेवढी साखर घालून बाटल्याही भरल्या. साखर कशाला, देव जाणे. बाटल्या गडद रंगाच्या, बाहेरून काही कळत नाही.

१६ मार्च
सगळं काम आयतं झालेलं पाहून लेक गळ्यात पडली. किती वर्षांनी! गाळल्याचं बोलले नाही. केलेले उपकार बोलून दाखवू नयेत.

३० मार्च
उद्घाटन. पहिली बाटली उघडली, साधं फुस्सही झालं नाही. दुसरी, तिसरी, तेच. फेस औषधालाही नाही. एका पाहुण्याने विचारलं, हे सरबत कुणी ठेवलं?
लेकीने बाटली उजेडात उलटी धरली. तळाला कणभर गाळ नाही. तू गाळलीस, म्हणाली. मी म्हटलं, तुझ्यासाठीच. मग वेटरांसमोर, अगदी हळू आवाजात तिने सांगितलं, की बाटलीत राहिलेलं यीस्ट ती साखर खातं आणि त्यातून फेस येतो. आपल्या नेहमीच्या बिअरमध्ये गॅस मशीन भरतं. हिच्यात यीस्टच भरणार होतं, तेच तू काढून टाकलंस.
ओरडली असती तर बरं झालं असतं.

३१ मार्च
बुचं सैल असणार. काकांना तसं बोललेही. ते फिल्टर धूत होते. मान वर केली नाही.

३ एप्रिल
लेक परगावच्या नोकरीला गेली. महिन्याभरात कंटाळून येईल. तिकडे तिच्या चुका कोण निस्तरणार?

८ मे
आली नाही. नवीन जागा, सुट्टी मिळत नसेल.

१९ मे
हॉटेलमालकाचा फोन. टँकमधून चाखली होती ती गढूळ बिअर मिळेल का? मिळेल म्हटलं. त्यात काय मोठंसं! तिचा कागद ती घेऊन गेली, म्हणून काकांना प्रमाण विचारलं. ताईंनाच माहीत, म्हणाले.
लेकीला मेसेज केला. बराच लांबला. खोली आवरून ठेवली आहे, उकाडा फार आहे, वेळेवर जेवतेस ना, टँक रिकामाच आहे. आणि सगळ्यात शेवटी, ती कृती पाठव.
दोन मिनिटांत उत्तर आलं. गहू किती, साखर किती, दिवस किती. सगळं क्रमवार, नीट. शेवटची ओळ: गाळू नये.
पुन्हा वरपासून वाचलं. नुसती कृतीच होती.