खाटेशेजारची खुर्ची

प्रिय दादा,

तुझ्या तब्येतीचं शेवटी विचारणार आहे, आधी माझी कटकट ऐकून घे. तू म्हणतोस ना, धाकट्याला राग आला की रंधा जोरात चालतो? आज सकाळपासून एका चांगल्या फळीचा पार भुसा केलाय. म्हटलं, रंधा ठेवावा आणि पेन घ्यावं.

सरकारी दवाखान्याच्या सल्लागार मंडळावर मला घेतलं, तेव्हा तू गावभर सांगत सुटला होतास, आमचा सुतार आता डॉक्टरांना सल्ला देणार! तर तुझ्या सल्लागाराचे प्रताप ऐक. आपल्या शाळेत गुरुजींनी नाव घेतल्याशिवाय बोलायचं नाही आणि बोलायचं तर उभं राहून. ते हाडात मुरलेलं. पहिल्या काही बैठका मी नाव घेण्याची वाट बघत नुसता बसून राहिलो. शेवटी एकदा देवाचं नाव घेऊन उभा राहिलो, तर अध्यक्षांना वाटलं मी निघालो. "आल्याबद्दल आभार हं," म्हणाले, आणि शिपायाने दार उघडून धरलं. सगळे माझ्याकडे बघताहेत. मी काय करावं? खरंच बाहेर गेलो रे. पाणी पिऊन परत येईतो बैठक संपली होती.

मग बसून बोलायला शिकलो. माझी मागणी एकच होती. रात्री खाटेशेजारी एक खुर्ची आणि तिच्यावर घरचं एक माणूस. अजूनही तिथे तसंच आहे, संध्याकाळी घंटा झाली की घरच्यांना बाहेर काढतात आणि वॉर्डाचं दार लावून घेतात. मोठ्या डॉक्टर बाई म्हणाल्या, गर्दी होते, रोग पसरतो, एकाला आत घेतलं की मागून अख्खं घर येतं. त्यांचंही खोटं नाही, दिवसभर पायांवर उभी असते ती बाई. पण मंडळातले चष्मेवाले वकील म्हणाले, "आज खुर्ची मागताय, उद्या उशी मागाल!" आणि सगळे हसले. त्या हसण्यातच विषय पुढच्या बैठकीवर गेला. तो कितीदा पुढे गेला, विचारू नकोस. आम्ही चहा पितो, मागच्या वेळी काय ठरलं ते वाचतो, आणि मागच्या वेळी काहीच ठरलेलं नसतं.

मला वाटलं, बोलून कळत नसेल तर करून दाखवावं. दोन खाटांच्या मधे बसेल अशी अरुंद खुर्ची केली, बिनहाताची, पाठीला जरा कलती, रात्रभर बसलं तरी कंबर धरू नये अशी. डोक्यावर घेऊन बैठकीला गेलो. अध्यक्ष बसून बघतो म्हणाले. बसले ते उठेनातच. "वा, पाठीला काय आराम आहे!" तेव्हापासून दर बैठकीत ते माझ्याच खुर्चीवर बसतात आणि माझाच विषय पुढे ढकलतात. हसू नकोस, दादा.

आमच्याकडे मत घेत नाहीत. अध्यक्ष विचारतात, "कुणाची हरकत नाही ना?" आणि त्याच श्वासात म्हणतात, "मंजूर." गप्प राहिला त्याचा होकार. काल माझा विषय तसाच मंजूर झाला. खुर्च्या करायच्या, पण वॉर्डाबाहेर, वऱ्हांड्यात. बंद दाराच्या अलीकडे! मी 'अहो, पण' म्हणेपर्यंत लोक माझा हात हातात घेऊन अभिनंदन करत होते.

त्याच दाराबाहेर, जिन्याच्या वरच्या पायरीवर, आपल्या अण्णांच्या शेवटच्या रात्री तू बसला होतास. त्याबद्दल तू मला एकदाच बोललास, "ते मला हाक मारत होते." पुढे ना तू बोललास, ना मी विचारलं. अण्णांना कमी ऐकू यायचं. तू बाहेरून दिलेली ओ त्यांना पोचली नसणार, हे आपण दोघंही जाणतो. देवापुढे बसतो तेव्हा मी काही मागत नाही, पण ती हाक मला तिथेही ऐकू येते. मंडळावर गेलो तो त्यासाठी. तुला सांगितलं नव्हतं, एवढंच.

आता पत्राचं खरं कारण. काल बैठक सुटल्यावर डॉक्टर बाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "तुमच्या भावाचं ऑपरेशन मीच करणार आहे. तुम्ही सभासद, तुमची खुर्ची रात्री आत ठेवू. फक्त बाहेर बोलू नका, आणि हा विषय आता मंडळात पुन्हा नको." मी म्हटलं, कुठल्या भावाचं? मला एकच भाऊ! दादा, तू इथे येऊन तपासणी करून घेतलीस आणि माझ्या घरी पाऊलसुद्धा टाकलं नाहीस? वहिनी गेल्यापासून तुझं हे असंच चाललंय. ते भांडण समोरासमोर करीन. आत्ता हे सांग, मी काय करू? हो म्हटलं, तर मी तुझ्या उशाशी, आणि शेजारच्या खाटेवरच्याचा भाऊ दाराबाहेर, मीच केलेल्या खुर्चीवर. नाही म्हटलं, तर तू हाक मारशील आणि माझी ओ दाराला आपटून परत येईल. देवाला विचारलं, तो गप्प. आमच्या मंडळात गप्प राहणं म्हणजे होकार, पण देवाला तो नियम लावायचा धीर होईना. 'माझं काय, मी एकटा निजेन,' असलं काही लिहू नकोस. त्या रात्री दार किलकिलं करून तुला एकट्यालाच कुणी आत बोलावलं असतं, तर तू गेला असतास का, तेवढंच खरंखरं लिही. तू लिहिशील तसं करीन. आणि उत्तर आलं नाही, तर तुला मात्र मी आमच्या मंडळाचा नियम लावीन आणि खुर्ची घेऊन आत येईन.

तुझाच,
धाकटा