जॅकवाली

४ डिसेंबर, गुरुवार
आज पुन्हा भांडण! दुकानात गिऱ्हाईक नसलं की सुयशला दुसरा उद्योग नसतो. माझा फोन उचलून सगळ्यांना दाखवत फिरला — "हेडफोनचा जॅक! अजून जिवंत आहे! हार घाला रे कुणीतरी."
मी म्हटलं, तुझा तो बिनवायरचा इअरबड गटारीत पडला तेव्हा गुडघ्यावर बसून कोण रडत होतं? सगळं दुकान हसलं. प्रेमराजशेठसुद्धा! मग म्हणाले, "वृषाली, तू विकतेस काय आणि बोलतेस काय!"
खरंच आहे. दिवसभर बिनजॅकचे फोन विकते आणि संध्याकाळी नशिराबादच्या बसमध्ये वायर कानाला लावून बसते. चार्जिंगची कटकट नाही, हरवायची भीती नाही. पिन घातली की गाणं सुरू. लोकांना कळत कसं नाही!

८ डिसेंबर, सोमवार
पैज लागली! सुयश म्हणाला, "ज्या दिवशी तुझ्या जॅकवाचून कुणाचं अडेल, त्या दिवशी तू सांगशील ते करीन." वर हसला. तो हसला आणि मी दोन बिलं चुकीची फाडली.
आवडतो मला. लिहिलं एकदाचं! पण त्याला मी नुसती चिडवायला बरी. आणि जानेवारीपासून तो धुळ्याच्या दुकानात. मग चिडवायलाही कुणी नाही.

९ डिसेंबर
आई म्हणते, एकटीच काय हसतेस?

१४ डिसेंबर, रविवार
जिंकले! जिंकले!! जिंकले!!!
दुकानाची भरीत पार्टी होती, धरणगावजवळ झुलालनानांच्या मळ्यात. नाना आमचं जुनं गिऱ्हाईक. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजताना सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी. कॅशवरच्या सारिकाने नाचायला ओढणी खोचली, आणि नानांचा मोठा स्पीकर उलटापालटा करून सुयशने जाहीर केलं — "याला फक्त वायर चालते."
जो तो आपला फोन चाचपायला लागला. एकालाही जॅक नाही! हळूहळू सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी मुद्दाम आधी हातातलं वांगं सोलून संपवलं. मग हात धुतले. मग पिन घातली — ढॅण! प्रेमराजशेठ हातात पुरी घेऊन नाचले! शपथ!
सुयश समोर येऊन म्हणाला, "हरलो. बोल, काय करू?"
आणि मी काय मागावं! म्हटलं, "महिनाअखेरपर्यंत मला चहा आणून दे." चहा!! वेडी कुठली! सारिका कोपराने ढोसत होती तरी. तो "बरं" म्हणाला आणि ताटं उचलायला गेला. सारिका म्हणते, चेहरा पडला होता त्याचा. हरल्यावर पडणारच ना.

१६ डिसेंबर
चहा आणला. साखर फार. कप ठेवला आणि निघून गेला.

१८ डिसेंबर, गुरुवार
झुलालनाना आज फोनच्या काचेला गार्ड लावायला आले. म्हटलं, नाना, आता ब्लूटूथचा स्पीकर घ्या. "अव पोरी, त्यामा ब्लूटूथ शे ना! त्या दिन सुयशनीच बंद करं. म्हने, नाना, कोनले सांगू नका."
आहे त्यात ब्लूटूथ? आणि यानेच बंद केलं? मागे सुयश उभा, चहा घेऊन. कान लालबुंद!
मी म्हटलं, "चहा ठेव खाली. मला मागणं बदलायचंय."