बिनखिडकीची केबिन

१२ डिसेंबर २०२१, रविवार. बोरीवली

सकाळी प्राचीचा पुण्याहून फोन. बुकिंग करून मोकळी झालीय, मला न विचारता. बोट! मुंबई ते लक्षद्वीप आणि परत, चार रात्री. मी आणि अक्का, माझी नणंद.

म्हटलं, अगं नवीन व्हेरिएंट आलाय, पेपर वाचतेस ना? तर म्हणे, "आई, दीड वर्षात भाजी आणायला सोडून तू कुठे गेलीस ते सांग."

मला वाटलं अक्का तरी नाही म्हणेल. एकाहत्तर वय, गुडघे दुखतात. तर ती प्राचीला "येते" म्हणून मोकळी.

दुपारी मोबाइलवर वाचत बसले, बोटीवर एखाद्याला कोविड झाला तर काय करतात. वेगळ्या केबिनमध्ये ठेवतात. दार बंद, जेवण दाराबाहेर. वाचायला नको होतं.

१६ डिसें., गुरुवार

मुलुंडला अक्काकडे जाऊन आले. नाही म्हणायला सांगायचं म्हणून गेले होते खरं तर. तिने बॅग काढून पलंगावर ठेवलेली. नवा स्वेटर.

म्हणाली, आई गेली तेव्हा मी चौदाची, अरुण सहाचा. बाबा इथे गिरणीत. दोघं भावंडं मालवणहून बोटीने आलो, भाऊच्या धक्क्याला उतरलो. अरुण सगळ्या वाटेत ओकत होता, माझं परकर-पोलकं खराब केलंन. "त्या वाटेने परत एकदा जायचंय. बोटी बंद झाल्या, माझं राहूनच गेलं."

अरुण म्हणजे हे. ह्यांना तिनेच वाढवलं. प्रसूतिगृहात आया म्हणून नोकरी केली, ह्यांना शिकवलं, स्वतः लग्न केलं नाही. जुलै २०२० मध्ये हे कोविडने गेले तेव्हा तिलाही तोंड बघायला मिळालं नाही. तेव्हापासून दर रविवारी मला फोन करते. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का. पण ह्यांना हॉस्पिटलात नेलं त्या दिवशी काय झालं, ते एकदाही विचारलेलं नाही. एकदाही नाही. तिचं न विचारणं मला कळतं. आत कुठेतरी तिने मला दोषी धरलंय.

जाऊ बोटीवर. निदान तेवढं तरी करू तिच्यासाठी.

२६ डिसें., रविवार

अक्का कालपासून माझ्याकडे. दोघींचे आरटीपीसीआर निगेटिव्ह. प्राचीचा मेसेज, "आता बिनधास्त जा!!" मास्क वीस, सॅनिटायझर तीन, ऑक्सिमीटर, थर्मामीटर. अक्का म्हणाली, "फिरायला चाललीस की दवाखाना काढायला?"

२७ डिसें., सोमवार. बोटीवर

चढलो एकदाच्या. केबिन लहान पण स्वच्छ, दोन पलंग, खिडकी नाही. प्राचीने साधीच केबिन घेतली, मीच म्हटलं होतं खिडकी कशाला हवी, दिवसभर डेकवरच असणार.

डेकवर ही गर्दी. अर्ध्यांचे मास्क हनुवटीवर. मी अक्काला कोपऱ्यात बसवलं. बोट सुटली तेव्हा ती कठड्याला धरून उभी राहिली ती हललीच नाही. अंधार पडायला लागला तरी डावीकडे बघत होती. किनारा शोधत. म्हटलं, अक्का, बोट खूप आतून जाते आता, मालवण नाही दिसायचं. "नाय दिसूंदे. तिकडेच असा ना?"

एरवी आमच्यासारखंच बोलते. आनंदात किंवा भीतीत असली की मालवणीवर येते. आज आनंदात होती. मला बरं वाटलं. खूप दिवसांनी.

२८ डिसें., मंगळवार

सगळीकडे पाणी. अक्काने नाश्ता नीट खाल्ला नाही. घसा खवखवतो म्हणाली, वाऱ्याने. दुपारी हात लावला तर अंग गरम. ताप १००.८. ऑक्सिजन ९५.

"गो, सर्दी ती. कोणाक सांगू नको."

पाच मिनिटं थर्मामीटर हातात धरून बसले. न सांगावं तर बोटीवर एवढी माणसं, म्हातारी, लहान मुलं. सांगावं तर काय होणार ते माहीत. आणि खरं लिहायचं तर तेवढंच नाही. त्या खोलीत तिच्याबरोबर श्वास घ्यायची मला भीती वाटत होती.

रिसेप्शनला मीच फोन केला.

डॉक्टरीणबाई आली, पांढरा सूट, तोंडावर काच. टेस्ट. अक्का पॉझिटिव्ह, मी निगेटिव्ह. तिने समजावून सांगितलं, पेशंटला खालच्या डेकवर वेगळं ठेवणार. तुम्ही तिच्यासोबत राहू शकता, पण मग सही करायची आणि मुंबईपर्यंत बाहेर यायचं नाही. नाहीतर तुम्हाला दुसरी केबिन.

मी काही बोलायच्या आत अक्काच म्हणाली, "ती येवची नाय. दोघींनी पडान चलाचा नाय."

आणि मी... बरं म्हटलं.

व्हीलचेअरवरून नेलं. पुढे एक पांढरा सूट, मागे एक. ती पाठमोरी. कॉरिडॉरच्या टोकाला वळेपर्यंत मी दारात उभी. तिचा स्वेटर आत पलंगावरच राहिला.

२९ डिसें., बुधवार. सकाळ

नवी केबिन. हिला खिडकी आहे. गोल, भांड्याच्या झाकणाएवढी.

बेट आलं, पण कुणालाच उतरू देणार नाहीत असं स्पीकरवर सांगितलं. बोटीवर केस निघाली म्हणून. बाहेर आरडाओरडा. माझ्या दाराबाहेर कुणी बाई म्हणाली, "उस बुढिया को लाया ही क्यों?" दार उघडून दोन शब्द सुनवावेत असं वाटलं. नाही उघडलं.

अक्काशी इंटरकॉमवर बोलले. खोकते. उपमा आलाय म्हणाली, दाराबाहेर ठेवून बेल मारून पळतात. "मी काय वाघ आसंय काय?" हसली. मग हसता हसता खोकला आणि फोन ठेवला.

२९ डिसें., दुपारी

ऑक्सिजन ९३. आवाज बारीक. मी विचारलं, काही हवंय का? तर म्हणाली, "दिवस हा की रात हा ता तरी सांग. हय काय कळना नाय."

मी म्हटलं दुपारचे तीन वाजलेत. "पाणी कसा दिसता?" निळं, म्हटलं. हिरवट निळं, बेटाजवळ. "बरां."

फोन ठेवला आणि रडले. ह्यांनी वॉर्डातून असंच विचारलं होतं. बाहेर पाऊस आहे का गं? अकरा दिवस अशीच बोलले मी त्यांच्याशी. फोनवरून.

लगेच डॉक्टरीणबाईंना सांगितलं, सही करते. त्या म्हणाल्या, नीट विचार करा, तुम्ही साठीला आलात. म्हटलं, केला.

३० डिसें., गुरुवार. अक्काच्या केबिनमध्ये

काल सहा वाजता आत आले. मला बघून आधी चिडली. मग स्वेटर घातला, तो मी बरोबर आणला होता. रात्रभर ताप उतरत-चढत होता. पहाटे उतरला. आज ऑक्सिजन ९५. गरम पाणी, कपाळावर पट्ट्या, पाय चेपले. मुलीने आईचं करावं तसं. भीती कुठे गेली कळलं नाही. किंवा आहे, पण कामात राहिली बाजूला.

दुपारी जेवण झाल्यावर म्हणाली, "तू खरंच चांगली आहेस हो नलू. माझा अरुण नशीबवान."

ते मला सहन झालं नाही. तिने शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. सांगून टाकलं सगळं. दीड वर्षात कुणालाही न सांगितलेलं.

की रुग्णवाहिका सोसायटीच्या गेटवर आली तेव्हा ड्रायव्हर म्हणाला होता, हॉस्पिटलच्या दारापर्यंत एक माणूस येऊ शकतो. लोकांना मी सांगितलं कुणाला येऊ देत नव्हते. ते खोटं. हे म्हणाले होते, "चल ना गं, दारापर्यंत." आणि मी म्हटलं, प्राची घरात एकटी आहे. प्राची चोवीस वर्षांची होती, तिला काय झालं असतं? मला भीती वाटली. ह्यांच्याबरोबर त्या बंद गाडीत बसायची भीती वाटली, एवढंच. तू मनात मला दोष देतेस ते बरोबर आहे, म्हटलं. म्हणूनच तू कधी विचारत नाहीस ना?

अक्काने कपाळावरची पट्टी काढून बाजूला ठेवली.

मग म्हणाली, "त्याणां माका गाडीतसून फोन केलेल्यान. म्हणालो, नलू येय होती, रडा होती, मियाच नको म्हटलंय. तिका कायव विचारू नको, ती मोडान जायत." खोकली. "म्हणान नाय विचारलंय."

दीड वर्ष मला वाटत होतं ती मनात खटला चालवतेय. आणि ती मला जपत होती. ह्यांनी सांगितलं म्हणून.

गाडीत बसल्या बसल्या, धाप लागलेली असताना, ह्यांनी माझ्यासाठी खोटं बोलून ठेवलं. आणि मी आज ते मोडलं.

अक्काने तोंड भिंतीकडे केलं. पाणी दिलं, घेतलं. गोळी दिली, घेतली.

३१ डिसें., शुक्रवार

मुंबई. सगळे उतरल्यावर शेवटी आम्हाला काढलं. अक्काला क्वारंटाइनसाठी एका हॉटेलात नेणार, मला घरी. गाडीत चढताना मी म्हटलं, फोन करते. मान हलवली. हो म्हणून की नको म्हणून, मास्कमुळे कळलं नाही.

३ जाने. २०२२, सोमवार. बोरीवली

अपेक्षेप्रमाणे पॉझिटिव्ह. दारावर पालिकेचा कागद. ताप थोडा, चव नाही. प्राची येते म्हणत होती, शपथ घालून थांबवलं.

शेजारच्या वहिनी पिशवी कडीला अडकवून जातात. आज वरणभात आणि लिंबाचं लोणचं. लोणचं खाल्लं, नुसतं ओलं लागलं.

अक्काला चार वेळा फोन. उचलत नाही. प्राचीशी मात्र बोलते, रोज. बरी आहे, उद्या-परवा घरी सोडतील. प्राची विचारते, तुमचं भांडण झालं का? म्हटलं नाही गं, तिला धाप लागते बोलताना.

पुन्हा खोटं.

९ जाने., रविवार

रविवार. सकाळपासून मोबाइल जवळ. अंघोळीला जाताना बेसिनवर ठेवला. अक्काचा फोन आला नाही. ह्यांच्यामागे असे दोनच रविवार, मागचा आणि हा.

बाकी मी बरी. ऑक्सिजन ९७. खोलीत एकटी असले की तोच विचार. मी सांगितलं ते कशासाठी? तिला खरं कळावं म्हणून की मला हलकं वाटावं म्हणून? हलकं तर वाटलं नाहीच. उलट रात्री... जाऊ दे.

पण एक आहे. ह्यांचं ते वाक्य मला नाहीतर कधीच मिळालं नसतं. रडा होती म्हणाले. मी रडतसुद्धा नव्हते तेव्हा.

१६ जाने., रविवार

आज फोनची वाट बघितली नाही. उठून सरळ मुलुंडला गेले. रिक्षाने, घोडबंदरवरून. दोन मास्क लावून.

अक्काने दार उघडलं. बारीक झालीय. ये म्हणाली नाही, दारही लावलं नाही. आत जाऊन खुर्चीवर बसली, पुढ्यात वालाच्या शेंगा. मीही बसले, सोलायला घेतल्या. परात अर्धी भरली.

मग, माझ्याकडे न बघता, "गाडी सुटली तेवा त्याणां मागे वळान बघल्यान काय?"

सांगता आलं असतं, हो म्हणून. हात हलवला म्हणून. तिला बरं वाटलं असतं. हे असते तर तेवढं खोटं बोललेच असते.

म्हटलं, "माहीत नाही अक्का. मी आधीच जिन्याकडे वळले होते."

तिचा हात थांबला. डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पुसलं नाही. मला वाटलं आता जा म्हणेल. उठायच्या बेतात होते.

"प्राचीक सांगितलंस?"

नाही म्हटलं.

"तिच्या नावावर घातलंस तू ता. ती एकटी हा म्हणान. तिका सांगूक व्हया."

"तिने तोंड फिरवलं तर? तुझ्यासारखं?"

"फिरवीत." मग शेंगांची परात माझ्याकडे सरकवली. "मी आसंय हय बसलेली. फिरवलंय खरां तोंड. पण बसलंय."

निघताना तिने जेवतेस का विचारलं नाही. पुढच्या रविवारचंही काही बोलली नाही. मीही नाही.

घरी आले तर प्राचीचा मेसेज. तुझे सात दिवस संपले ना आता, शनिवारी येतेय, दोन दिवस राहणार, काय करशील खायला?

ये, एवढंच लिहिलं.