पाऱ्याचा प्रश्न

बाबा, मी आता अमेरिकेतच, पण चँडलरला असते आणि पाऱ्याची वाफ मोजणारं यंत्र बनवते. दूरच्या देशांत नदीकाठी दहा-बारा जण मिळून सोन्याच्या छोट्या खाणी चालवतात, त्यांच्यासाठी. पारा वापरणाऱ्यांचं सोनं घ्यायचं नाही, असा इथल्या खरेदी समितीचा नियम आहे. म्हणून खाणवाल्याची नोंदणी करताना आम्ही आधी तोंडी विचारायचं, मग यंत्राचा आकडा पाहायचा. हो म्हटलं तरी बाद, आणि दोन्ही जुळले नाहीत तरी नाव कायमचं बाद.

आयसेलिनच्या आपल्या घरी, स्वयंपाकघरात, तुम्हीही पाराच वापरत होतात. दागिन्यांच्या दुकानामागच्या कारखान्यातला केर रविवारी घरी आणायचा, परातीत धुवायचा, पाऱ्यात घोळून सोन्याचे कण गोळा करायचे आणि तो गोळा गॅसवर तापवायचा. शेजारच्या शेगडीवर आई पोळ्या करते आहे. मी नाक दाबते. "झारेकऱ्याची नात आहेस," तुम्ही हसता, "आजोबांनी जन्मभर हेच केलं." पुढे तुमच्या हातातला चहा सांडायला लागला. डॉक्टरांकडे दुभाषी म्हणून मी आले, बारा वर्षांची. पाऱ्याशी कधी संबंध येतो का, त्यांनी विचारलं. मी 'नो' म्हटलं. तुम्ही वारल्यावर मी आईला सांगितलं, बाबांनीच तसं सांगायला लावलं. तिने ते खरं मानलं.

परवा व्हिडिओ कॉलवर एक खाणवाला होता, शेजारी दुभाषी म्हणून त्याची मुलगी. मी पाऱ्याचं विचारलं. तो बराच वेळ बोलला. मुलगी म्हणाली, "नो." आकडा माझ्यासमोर होता, मर्यादेच्या चौपट. माझ्या नागपूरच्या सहकाऱ्याने माइक म्यूट केला. "बाद कर ना यार, लंचला जायचंय."

मी उत्तराचा रकाना रिकामा ठेवला. समितीला लिहिलं की हो म्हणणाऱ्याला बाद करू नका. वाफ पकडणारं भांडं द्या, वर्षभराची मुदत द्या, नाहीतर खरं कोणी सांगणार नाही. अजून उत्तर नाही. उद्या संध्याकाळी रिकामा रकानाही बाद धरला जाईल. सकाळी मी त्या मुलीला पुन्हा कॉल करणार आहे. वडील नेमके काय म्हणाले, एवढंच विचारायचं आहे.

हे मी आईला दाखवणार नाही. डॉक्टरांसमोर तुम्ही मला म्हणाला होतात, "सांग त्यांना, वापरतो म्हणून." तुमचं काम जाईल असं मला वाटलं. 'नो' माझं होतं. तेवढं इंग्रजी तुम्हाला येत होतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि शर्टाची बाही हातावर ओढून घेतलीत.